सोनेरी रेघ नदीपलीकडे

वंशावळीचे तक्ते करून देण्याचं काम मी गेली काही वर्षं करते आहे, आणि या कामात मला सगळ्यांत जास्त छळणाऱ्या गिऱ्हाइकाचा मान ब्रुकलिनमधल्या एका बाईंकडे जातो. दुसऱ्या नंबरचं गिऱ्हाईक त्यांच्या जवळपासही पोचत नाही.

मी राहते अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये. नवऱ्याची नोकरी इथली, मी मूळची नागपूरची, आणि व्हिसाच्या भानगडीत मला कामाची परवानगी नव्हती त्या काळात सासरच्या कुळवृत्तांताची नवी आवृत्ती माझ्या गळ्यात पडली. रिकामी बसलीयेस, कॉम्प्युटर येतो, मग कर, एवढाच विचार त्यामागे होता. त्या कुळवृत्तांतात आमच्या दोन शाखांनी एकमेकांचं खंडन करणाऱ्या दोन प्रस्तावना लिहिल्या होत्या आणि पुण्याच्या एका काकांनी, आपली शाखा पान चाळीसवर का ढकलली, म्हणून मला सहा महिने फोन केले होते. पुढे परवानगी मिळाल्यावर मी एका छोट्या कंपनीत लागले. लोकांच्या घराण्यांचे तक्ते करायचे, मोठ्या कागदावर छापायचे, कुरियरनं पाठवायचे. काम घरूनच. काकांच्या तालमीत तयार झाल्यामुळे आता कोणीही आपल्याला त्रास देऊ शकत नाही, अशी माझी समजूत होती.

मग त्या बाईंचा फोन आला. पासष्टीच्या पुढच्या, आवाज खणखणीत, आणि बोलताना श्वास घ्यायची गरज नसलेल्या. आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, कारण मनातल्या मनात मी त्यांच्याशी मराठीतच भांडत होते.

"तू तक्ते करतेस ना? मला माझ्या आईसाठी एक करून हवाय. सात पिढ्या. तिच्या पलंगासमोर लावायचाय. ती आता उठत नाही."

बाई हसिदी घराण्यातल्या होत्या. हसिदी म्हणजे ज्यूंमधला एक कर्मठ भक्तिपंथ. त्यांच्यात गाद्या असतात, आपल्याकडे मठांच्या असतात तशा. गादीवरच्या गुरूला रेब्बे म्हणतात. बापामागून मुलगा बसतो, मुलगा नसला तर जावई. बाईंचे वडील या गादीवरचे सहावे. पूर्व युरोपातल्या एका नदीकाठच्या गावात ही गादी सुरू झाली, तिसऱ्या पिढीत जावयाकडे गेली, पाचव्या पिढीत युद्धानं ते गावच पुसून टाकलं, आणि घरातला एकच मुलगा जिवंत अमेरिकेला पोचला. तो बाईंचा आजोबा.

हे ऐकून मला वाटलं, सात पिढ्या म्हणजे काय, आठवड्याचं काम. तेव्हाच नाही म्हटलं असतं तर पुढचे पाच महिने वाचले असते.

पहिला घोळ नावांचा. त्यांच्याकडे हयात माणसाचं नाव मुलाला ठेवत नाहीत, गेलेल्याचं ठेवतात, आणि ते ठेवतातच. त्यामुळे एक मोठा रेब्बे वारला की पुढच्या दहा वर्षांत जन्मलेल्या त्याच्या सगळ्या नातवंडांची नावं एकसारखी. आमचं सॉफ्टवेअर हुशार. नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव तेच, म्हणजे माणूस एकच, असं समजून त्यानं रात्रीत एकोणीस चुलतभावांचा एक माणूस करून टाकला. दुसऱ्या रेब्बेंना तर त्यानं स्वतःचाच पणजोबा बनवलं. मी एकेक माणूस हातानं सोडवत बसले. बाईंकडे ईमेल नाही, फोनवर इंटरनेट नाही, ते त्यांच्यात चालत नाही. हिब्रू मजकूर त्यांच्या ओळखीचा एक टायपिस्ट त्याच्या दुकानातून पाठवायचा, आणि प्रत्येक प्रूफ छापून कुरियरनं ब्रुकलिनला पाठवावं लागायचं. ते पोचलं की बाईंचा फोन. भिंग घेऊन बसलेल्या असत. "तिसऱ्या ओळीतला चौथा, त्याचा भाऊ कुठे गेला?" मी म्हणायची, तो पाचवा आहे. "नाही, तो पाचवा म्हणजे त्याचा पुतण्या."

शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्या फोनला हात लावत नसत. त्यांच्या या विश्रांतीच्या दिवसाची, शब्बाथची, इतक्या आतुरतेनं वाट बघणारी दुसरी बाई अख्ख्या नागपुरात झाली नसेल.

पण खरा ताप नावांचा नव्हता, तर सातव्या पिढीचा होता. बाईंना दोन भाऊ, एक मोठा, एक धाकटा, बाई मधल्या. वडील गेले आणि दोघेही रेब्बे झाले. मोठा म्हणे, मी थोरला. धाकटा म्हणे, शेवटची वर्षं वडील मला शेजारी बसवत होते, ते काय उगाच? भक्त वाटले गेले. एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन प्रार्थनाघरं झाली. सहा वर्षं भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आई जुन्या घरात बाईंजवळ. मोठा सोमवारी आणि गुरुवारी आईला भेटायला येई, धाकटा रविवारी आणि बुधवारी. दाराशी दुसऱ्याची मोटार दिसली तर ड्रायव्हर चौकाला फेरी मारून परत फिरे.

"माझ्या आईला दोघांना एका खोलीत बघायचंय," बाईंनी मला दुसऱ्याच आठवड्यात सांगून टाकलं. "एकदा. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत. म्हणून हा तक्ता. तो लावायच्या दिवशी दोघांनाही बोलावणार आहे. घराण्याचा तक्ता आहे, यावंच लागेल."

मला हे ऐकून बाईंचं कौतुक वाटलं होतं, हे मी कबूल करते. ते जेमतेम चार दिवस टिकलं.

कारण दोन्ही भावांनी निरोप पाठवले की आधी प्रूफ बघू, मग येऊ. आणि पहिल्याच प्रूफमध्ये मी घाण करून ठेवली होती. मोठ्या भावाची चौकट मी डावीकडे ठेवली आणि धाकट्याची उजवीकडे. मी डावीकडून वाचणारी. माझ्या डोळ्यांना पहिला तो डावीकडचा. ती माणसं उजवीकडून वाचतात. त्यांच्या हिशेबानं मी धाकट्याला गादीवर बसवून मोठ्याला त्याच्यामागे उभा केला होता. प्रूफ पोचलं त्या दुपारी बाईंनी मला सलग चौदा फोन केले.

"हे काय करून ठेवलंस?"

"बाई, चुकून झालं. उलटवते."

"चुकून? माझ्या धाकट्या भावाच्या लोकांनी मिठाई वाटली!"

उलटवलं. मग धाकटा म्हणाला, मी येणार नाही. मग एकाखाली एक ठेवून पाहिलं, खालचा रुसला. मग अगदी शेजारी शेजारी, एकाच मापाच्या चौकटी केल्या, तर बिरुदांची भानगड निघाली. रेब्बेच्या नावामागे पुढे बिरुदं लागतात, आपल्याकडे निमंत्रणपत्रिकेत प.पू. आणि ह.भ.प. लावतात तशी, पण यांची ओळच्या ओळ. मोठ्याच्या माणसांनी मोजून दाखवलं की धाकट्याला दोन शब्द जास्त आहेत. दोन काढले तर धाकट्याची माणसं म्हणाली, आता मोठ्याचे शब्द लांब आहेत. मी पट्टी घेऊन कॉम्प्युटरच्या पडद्यावर शब्द मोजत बसले होते तेव्हा माझी मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"मॉम, आर यू मेजरिंग द स्क्रीन?"

"हो. एकाचं बिरुद तीन मिलिमीटरनं मोठं आहे."

"दॅट्स इन्सेन," ती म्हणाली आणि फ्रिज उघडून निघून गेली.

नवरा म्हणाला, "यार, ऑर्डर कॅन्सल कर ना. बॉसला सांग, क्लायंट डिफिकल्ट आहे."

"आणि ती म्हातारी?"

"कोण म्हातारी?"

त्याला काय सांगणार. मी ती म्हातारी पाहिली नव्हती. फोनवर मागे कधी तरी तिचा आवाज ऐकू यायचा, बारीक, त्यांच्या यिडिश भाषेत, आणि बाई मधेच थांबून तिला उत्तर द्यायच्या. उत्तर देताना त्यांचा खणखणीत आवाज एकदम उतरायचा. एवढ्यासाठी मी ते काम सोडलं नाही, आणि त्यामुळे स्वतःवरही चिडत राहिले.

नववं प्रूफ दोघांनीही परत पाठवलं. मोठ्यानं निरोप दिला की सातव्या पिढीत एकच चौकट असेल तर येईन. धाकट्यानंही शब्दशः तोच निरोप दिला. मी हात टेकले. बाईंना फोन केला आणि सरळ सांगितलं की आता माझ्याच्यानं होणार नाही. तुमचे भाऊ मोठे धर्मगुरू असतील, पण मला ते शाळेतल्या बाकासाठी भांडणाऱ्या पोरांसारखे वाटतात. आई मरणाच्या दारात आहे आणि हे मिलिमीटर मोजताहेत.

मला वाटलं, झालं, आता बॉसकडे तक्रार जाणार.

"बरोबर बोललीस," बाई म्हणाल्या. "उद्या फोन करते."

दुसऱ्या दिवशीचा फोन मी आयुष्यात विसरणार नाही.

ते समजायला एक जुनी गोष्ट सांगायला हवी. या गादीच्या मूळ पुरुषाला दोन मुलगे होते. थोरला गावात राहिला, तो बाईंचा पूर्वज. धाकटा भांडून नदीपलीकडे गेला आणि तिथे त्यानं स्वतःची गादी मांडली. म्हणजे भावाभावांचं हे भांडण या घरात नवीन नव्हतंच. नदीपलीकडची शाखाही पुढे अमेरिकेत आली. पण तेव्हापासून दोन्ही घरांत ना सोयरीक, ना जेवणखाण. आमच्या तक्त्यात त्या पळून गेलेल्या भावाला कोपऱ्यात एक बारकी चौकट होती, खाली वंश नाही. गादीची परंपरा मात्र जाड सोनेरी रेघेनं दाखवली होती, मूळ पुरुषापासून थेट बाईंच्या वडिलांपर्यंत.

"सोनेरी रेघ नदीपलीकडे ने," बाई म्हणाल्या.

"काय?"

"मूळ पुरुषापासून त्या धाकट्याकडे. त्याची चौकट मोठी कर. आमची शाखा बारीक काळ्या रेघेनं दाखव, आणि माझे दोन भाऊ खाली कुठेतरी लहान अक्षरात. छाप आणि पाठव."

"बाई, हे खोटं आहे."

"मला माहीत आहे ते. मी त्याच घरात जन्मले."

"माझी नोकरी आहे ही. तक्त्यावर कंपनीचं नाव असतं."

"चूक झाली म्हण. मागेही झाली होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच महिने या बाईंनी एकेका पुतण्यासाठी माझा जीव खाल्ला, आणि आता मीच मुद्दाम खोटी वंशावळ छापायची? मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. अर्ध्या तासानं परत येऊन फाईल उघडली, आणि रेघ उचलून नदीपलीकडे नेली. काम पाच मिनिटांचं. शिवाय बरोबर तक्त्याचीही एक शेवटची फाईल तयार करून ठेवली, दोन्ही भाऊ सारख्या चौकटींत, कारण खोटं भिंतीवर फार दिवस राहू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं.

तक्ता मंगळवारी पोचला. मंगळवार कोणत्याच भावाचा वार नव्हता. बाईंनी तो आईच्या पलंगासमोर लावला आणि दोन्ही घरी निरोप धाडला की तक्ता आलाय.

संध्याकाळी फोन आला तेव्हा बाईंना बोलता येत नव्हतं, इतक्या हसत होत्या. मोठ्याचा माणूस तक्ता बघून पळत गेला. धाकट्याचाही. वीस मिनिटांत दोन्ही रेब्बे खोलीत. एकमेकांकडे बघायला त्यांना वेळच नव्हता, दोघे भिंतीकडे बघत होते. मोठा ओरडला की हे नदीपलीकडच्यांचं कारस्थान आहे. धाकटा म्हणाला, आणि त्यांनी गादीवर हक्क सांगणारं पत्र कोणत्या साली पाठवलं होतं ते विसरलास का? मोठा साल चुकला. धाकट्यानं दुरुस्त केलं. मोठा म्हणाला, हो, बरोबर, तुझंच बरोबर. चाळीस मिनिटं दोघे एका बाजूनं भांडत होते, भिंतीवरच्या दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाशी.

"आणि आई?"

"डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती. मला ठाऊक आहे ती झोपल्यावर कशी दिसते."

दोघे तक्ता फाडायला निघाले तेव्हा आईनं हात वर केला. माझी खोली, म्हणाली. बरोबर तक्ता येईपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही.

"उद्या बरोबर तक्ता पाठवते," मी म्हटलं. "फाईल तयार आहे."

"खबरदार पाठवलास तर," बाई म्हणाल्या. "मी त्यांना सांगितलंय, कुरियर रोज चारला येतो. उद्या चारला दोघेही येणार आहेत. नवा तक्ता दुसऱ्यानं आधी पाहिला आणि त्यात काही बदलून घेतलं तर, अशी भीती आहे ना दोघांना."

आणि खरंच, शब्बाथ सोडून दोघे रोज चारला येऊन बसू लागले. कुरियर येईना. वाट बघताना दोन माणसं किती वेळ गप्प बसणार? चौथ्या दिवशी ते वडिलांच्या चहाबद्दल बोलले. सहाव्या दिवशी धाकट्यानं मोठ्याच्या गुडघ्याची चौकशी केली. आईनं त्या दिवशी वाटीभर सूप संपवलं. बाई मला हे सगळं रोज साडेचारला फोन करून सांगत.

इकडे माझी शोभा चालली होती. टायपिस्टनं ईमेल लिहिला की इतकं अज्ञान त्यानं उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. दोन्ही भावांच्या माणसांनी आमच्या बॉसला फोन केले, तेही एकाच सुरात. बॉस मला म्हणाला, दुरुस्ती आजच्या आज गेली पाहिजे, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी म्हटलं, प्रिंटर बिघडलाय. दुसऱ्या दिवशी म्हटलं, कागद संपलाय. इतकी वर्षं जपलेलं माझं नाव दोन हट्टी धर्मगुरूंच्या पायी धुळीला मिळत होतं, आणि खरं काय ते कोणाला सांगायचीही सोय नव्हती. मी बाईंवर चिडत होते, भावांवर चिडत होते, आणि रोज साडेचार वाजता फोन मांडीवर घेऊन बसत होते.

मग एका रविवारी फोन आलाच नाही. सोमवारीही नाही. मंगळवारी मी चांगलीच वैतागले. माझी नोकरी टांगणीला लावून या बाई गेल्या कुठे? बुधवारी माझ्या लक्षात आलं. त्यांच्यात माणूस गेलं की जवळची माणसं सात दिवस बुटक्या स्टुलांवर सुतकात बसतात आणि कामाधामाचं काही बोलत नाहीत. मी बॉसला काही बोलले नाही आणि आपणहून फोनही केला नाही. बरोबर तक्त्याची फाईल नुसती उघडून बघत असे आणि बंद करत असे.

पुढच्या आठवड्यात फोन आला.

"आता बरोबरचा पाठव," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, वाईट वाटलं. मग विचारलं, भाऊ एकत्र बसले का?

"एकाच खोलीत. सातही दिवस. चार वाजले की दोघे दाराकडे बघायचे."

"मग मी आणखी थोडे दिवस थांबते," मी म्हटलं. जे काम कधी एकदा अंगावेगळं होतंय असं मला पाच महिने झालं होतं, त्याच कामाबद्दल हे मी बोलत होते. "प्रिंटर बिघडलेलाच आहे म्हणेन. तुमची युक्ती चालतेय तोवर चालू दे."

"माझी युक्ती?" बाई म्हणाल्या. "मला कुठली सुचतेय. तू त्यांना बाकावरची पोरं म्हणालीस ना, त्या दिवशी मी जाऊन आईला सगळं सांगितलं. म्हटलं, नाही जमत, ते येणार नाहीत. ती म्हणाली, माझ्यासाठी नाहीच येणार. त्या बाईला सांग, रेघ नदीपलीकडे न्यायला. रेघेसाठी येतील."

मग त्या म्हणाल्या, पाठव, आणि त्यांनी फोन ठेवला.

मी फाईल छपाईला दिली. सोनेरी रेघ पुन्हा जागेवर होती, खाली दोन सारख्या चौकटी, एक मिलिमीटरचाही फरक नाही. स्वयंपाकघरात गेले आणि मोठमोठ्यानं रडले, रागानं.